कॅनडा की जर्मनी? जमीन तारण ठेवण्याआधी

लातूर-नांदेडकडे परदेशी शिकायला-कमवायला कुठे जायचं हा निर्णय बऱ्याचदा भावकीतल्या पोराकडे बघून होतो. तो 2022 ला कॅनडाला गेला, त्याचं बस्तान बसलं. पण तेव्हाचे नियम आता नाहीत. कर्ज काढल्यापासून पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) हातात पडेपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात. म्हणून मधेच नियम फिरले तर कुठे कमी नुकसान होईल, ते आधी बघा.

बाहेरून किती माणसं कायमची घ्यायची, याचा आकडा कॅनडा दरवर्षी ठरवतो. 1913 मध्ये तिथे 4 लाखांवर माणसं आली, 1930 च्या दशकातल्या मंदीत वर्षाला 20 हजारसुद्धा येईनात. 2024 मध्ये सुमारे 4 लाख 83 हजार जणांना पीआर मिळाला. तोवर घरभाडी भडकली होती, लोक चिडले होते. 2025 चं लक्ष्य 3 लाख 95 हजारांवर आणलं, 2026 चं 3 लाख 80 हजार. फटका तात्पुरत्या परवान्यावरच्या मुलांनाही बसला. मार्च 2025 मध्ये एक्स्प्रेस एंट्रीतले (ही गुण लावून पीआरसाठी निवड करायची पद्धत) नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले. त्यांच्या भरवशावर बसलेल्यांचा स्कोअर रातोरात घसरला. विद्यार्थ्याने राहण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम आधी 10,000 कॅनेडियन डॉलर होती, ती सप्टेंबर 2025 पासून 22,895 झाली. फी वेगळी.

जर्मनीत कारखान्यांची गरज बोलते. 1955 पासून बाहेरून कामगार बोलावले, तेलसंकट आलं तशी 23 नोव्हेंबर 1973 ला भरती बंद केली. आत असलेले मात्र बरेचसे राहिले, बायका-मुलंही नेली. 2024 मध्ये भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची मर्यादा 20 हजारांवरून 90 हजार केली. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी उघडायचं, एकदम पैसे काढता न येणारं खातं) वर्षाचे 11,904 युरो भरायचे. तिथे गेल्यावर ते महिन्याला 992 असे तुमच्याच हातात येतात. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात.

तिथे गाडी अडते ती भाषेवर. इंग्रजी माध्यमाचा कोर्स आणि जेमतेम ए1 (जर्मन भाषेची पहिली पायरी) एवढ्यावर गेलेली मुलं नोकरीच्या वेळी अडकतात. निघण्याआधी बी1 (तिसरी पायरी) कराच. नोकरी सांभाळून वर्षभर तरी धरा. आणि एजंट खासगी कॉलेज सुचवत असेल तर फी आधी विचारा, जर्मनीचा सगळा फायदा तिथेच संपतो.

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत काम केलेल्या मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांनी, त्यातही कर्ज जमिनीवर असेल तर, जर्मनीच धरावी. इंग्रजी पक्कं, हाताशी तीन वर्षांचा अनुभव आणि वय तिशीच्या आत असेल, तर कॅनडाला विद्यार्थी म्हणून जाऊच नका. इथूनच एक्स्प्रेस एंट्रीत प्रोफाइल टाका. जर्मनीला शिकायला जायचं तर क्रम असा: भाषेचा क्लास, एपीएस प्रमाणपत्र (इथल्या पदवीच्या कागदपत्रांची जर्मनीसाठीची पडताळणी; हे उशिरा आलं की प्रवेशाचं सत्र हुकतं), विद्यापीठाचं पत्र. बँकेच्या कर्जाची पायरी त्यानंतर.