महाराजांच्या नावाचं घड्याळ, पोटात एचएमटी

बडोद्यातल्या मराठी घरांतून एक माणूस जुनी मनगटी घड्याळं घेऊन फिरतो. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत त्याचं येणं-जाणं असतं. बोलायला गोड, कपडे साधे, हातात कापडी पिशवी. बैठकीच्या भिंतीवर सयाजीराव महाराजांचा फोटो दिसला की त्याचं निम्मं काम झालेलं असतं. आमच्या काकांच्या बैठकीत तसे दोन फोटो आहेत.

काकांना त्याने दाखवलेलं घड्याळ दिसायला खरंच देखणं होतं. मलईच्या रंगाची डायल, बाराच्या आकड्याखाली पगडीतले महाराज रंगीत, खाली ‘हीरक महोत्सव १९३६’ आणि त्याखाली वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव. गोष्ट अशी की महोत्सवात राजवाड्यातल्या निवडक नोकरांना ही घड्याळं बक्षीस मिळाली, त्यातल्या एकाच्या नातवाला आता पैशांची नड आहे. “साहेब, आ तो सरकारनी घडियाळ छे, मारवाडीने आपवानुं मन नथी थतुं.” (महाराजांचं घड्याळ, मारवाड्याला द्यायला मन होत नाही.) पंचवीस हजारांपासून सुरुवात झाली आणि चौदा हजारांत सौदा ठरला. रोख. पावती म्हणून वहीचं एक पान, त्यावर ‘जुने घड्याळ १ नग’ एवढंच. त्या पानावर साल नाही, कंपनी नाही, ‘मूळ’ हा शब्द तर नाहीच. हे पान त्याने किती विचार करून लिहिलं होतं ते नंतर कळलं.

गोष्ट रचणारा अडाणी नव्हता. महाराज १८७५ साली गादीवर आले आणि हीरक महोत्सव १९३६ च्या जानेवारीत झाला, हे खरंच आहे. वेस्ट एंडची स्विस घड्याळं त्या काळी हिंदुस्थानात भरपूर खपत, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टींच्या मधे एक खोटी बसवली की ती सहसा कुणाला दिसत नाही.

वर त्याने एक कारीगरही सुचवला. “सर्व्हिसिंग करून घ्या, तो सर्टिफिकेटही देईल.” काकांनी साडेतीन हजार मोजले आणि शिक्का मारलेला कागद घरी आणला: मशीन स्विस, डायल मूळ, साल १९३६. मी जुन्या घड्याळांत हौसेने हात घालतो, म्हणून कौतुकाने ते माझ्यापुढे ठेवलं गेलं.

न उघडताच दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे माप. तीसच्या दशकातली पुरुषांची घड्याळं आजच्या नजरेला लहान वाटतात, हे मात्र मनगटावर अगदी आजच्यासारखं बसत होतं. दुसरी म्हणजे सेकंदकाटा. त्या काळात तो बहुतेक वेळा सहाच्या जागी छोट्या वर्तुळात वेगळा फिरे, इथे तो मधोमध लांबलचक होता. शिवाय काका म्हणाले, “रात्री काटे हिरवे चमकतात बघ!” त्या काळच्या काट्यांवर रेडियमचा लेप असे. रेडियमचा किरणोत्सर्ग शेकडो वर्षं टिकतो, पण त्याच्याबरोबरची चमकणारी पूड काही वर्षांतच निकामी होते. नव्वद वर्षांपूर्वीचे काटे रात्रभर चमकत असतील तर त्यांवर लेप नवा आहे. (खरा जुना लेप सापडलाच तर तो नखाने खरवडू नका, त्याची धूळ नाकात जाणं वाईट.)

मग मागचं झाकण उघडलं. आतल्या मशीनवर, बॅलन्स चक्राजवळ (पुढेमागे झुलून वेळ राखणारं चाक), एचएमटीची खूण. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात सुरू झाला तो १९६१ साली. तोवर महाराजांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

काका गप्प झाले. मी त्या माणसाला फोन लावला, तर तो जराही गडबडला नाही. “मशीन नंतर बदललं असेल, साहेब. जुन्या स्विस मशीनचे भाग मिळत नव्हते, म्हणून कारीगर एचएमटी बसवत. डायल तर असलीच आहे.” आणि हे उत्तर लबाडीचं असलं तरी खोटं नाही, असं पूर्वी खरोखर होई. म्हणून नुसतं झाकण उघडून भागत नाही, डायल उतरवावी लागते.

डायलच्या मागे तांब्याचे दोन बारीक पाय असतात. ते मशीनच्या पाटीतल्या भोकांत बसतात, आणि ती भोकं कुठे असावीत हे प्रत्येक जातीच्या मशीनमध्ये वेगळं असतं. एका मशीनची डायल दुसऱ्यावर बसवायची तर हे पाय कापून डायल चिकटवावी लागते किंवा नवे पाय जोडावे लागतात, आणि दोन्हींची खूण मागे राहते. इथे दोन्ही पाय शाबूत होते, कुठे झाळल्याची खूण नव्हती, आणि एचएमटीच्या भोकांत ते अगदी हक्काने बसत होते. म्हणजे डायलही एचएमटीचीच, रंग खरवडून नव्याने छापलेली. भिंगाखाली महाराजांचा चेहरा निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचा निघाला, आजकालच्या प्रिंटरवर छापतात तसा. जुन्या डायलवरची अक्षरं शाईचा भरीव, किंचित उंच थर असतात, त्यांत ठिपके नसतात.

सर्व्हिसिंगची तऱ्हा आणखी निराळी. चाकांच्या टोकांना आधार देणाऱ्या खड्यांभोवती तेल काळं होऊन सुकलेलं, चाकं जागेवर धरणाऱ्या पट्टीवर, म्हणजे पुलावर, बोटांचे ठसे. मशीन कुणी खोललंच नव्हतं. वेळ तपासायच्या यंत्रावर बॅलन्सचा झोका १८० अंशांच्या आसपास भरला. तेलपाणी झालेलं निरोगी घड्याळ पूर्ण चावीवर २७० च्या पुढे असतं. साडेतीन हजार त्या शिक्क्याचे गेले.

राग मला घड्याळाचा आला नाही. एचएमटीचं सतरा खड्यांचं मशीन दणकट असतं, साफ करून तेल दिल्यावर ते आता उत्तम चालतं. राग आला तो कारीगराचा. विकणारा चार गोष्टी रंगवून सांगणारच, पण झाकण उघडून एचएमटीची खूण डोळ्यांनी पाहूनही ज्याने ‘स्विस’ लिहून शिक्का मारला, त्याला काय म्हणायचं? घासाघीस करून विकणाऱ्याकडून सहा हजार परत मिळाले. सगळे हवे असतील तर घड्याळ परत द्या, असं त्याचं म्हणणं होतं. काका ठाम राहिले. “परत दिलं तर उद्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारेल. राहू दे माझ्याकडेच.”

तेव्हा असं काही दारात आलं तर पैसे देण्याआधी झाकण समोर उघडायला सांगा आणि मशीनचा फोटो घ्या. पावतीवर कंपनी, साल आणि ‘डायल व मशीन मूळ’ असं लिहून मागा. माणूस तिथेच चुळबुळ करू लागतो. त्यानेच सुचवलेल्या कारीगराकडे जाऊ नका. व्यवहार ऑनलाइन झाला असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनच्या नंबरवर लगेच तक्रार करता येते. आमचा रोखीचा होता, तिथे हातात फक्त ते वहीचं पान.

मागच्या आठवड्यात इंदूरहून मावशीने एका घड्याळाचा फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. तीच मलईची डायल, तसाच लांब सेकंदकाटा, महाराजांच्या जागी इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे). खाली ‘हीरक महोत्सव १९३६’ तसंच ठेवलेलं. यशवंतराव गादीवर बसले १९२६ साली. मावशीला म्हटलं, त्याला एवढंच विचार, दहा वर्षांत साठ कशी झाली.