वर की खाली? जानेवारीतला एक आठवडा, महाबळेश्वर आणि हर्णै-मुरुड

परवा मावसभावाचा फोन आला, जानेवारीत आठवड्याची सुट्टी जुळून आलीये, बरोबर सासू-सासरे आणि दोन पोरं, तर वर जाऊ की खाली तेवढं सांग. वर म्हणजे महाबळेश्वर आणि खाली म्हणजे दापोलीचा किनारा, मुरुड, हर्णै, आंजर्ले (जंजिऱ्याचं मुरुड नाही, दापोलीचं). मी पुण्यात राहतो आणि दोन्हीकडे ऐन थंडीत मुक्काम करून आलोय, वर दोनदा आणि खाली तीनदा, म्हणून त्याला जे फोनवर सांगितलं तेच जरा नीट लिहितोय. पॉइंट कुठले बघायचे, स्ट्रॉबेरी कुठे खायची, मासे कुठले घ्यायचे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात मी जात नाही. आठवड्याचा हवामान अंदाज समोर ठेवून या दोनातलं एक कसं निवडायचं एवढंच बोलतो.

आधी एक गोष्ट. नकाशावर बघितलं तर महाबळेश्वर आणि हर्णै यांच्यात सरळ रेषेत ६० किलोमीटरच्या आसपासच अंतर आहे. पण एक जवळपास १३७० मीटर उंचीवर आणि दुसरं समुद्राला चिकटून, आणि हवामान खात्याच्या हिशेबात एक मध्य महाराष्ट्रात येतं तर दुसरं कोकण-गोव्यात. त्यामुळे बातम्यांत 'राज्यात थंडी वाढणार' असं ऐकून ठरवू नका, दोन्ही विभागांचा अंदाज वेगवेगळा काढून बघा.

आता वरचं. जानेवारीत महाबळेश्वरचं किमान तापमान सरासरीला १३-१४ च्या घरात आणि दुपारी २४ च्या आसपास. ऐकायला एकदम मस्त, आणि दुपार खरंच मस्त असते, आकाश निळंशार, ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, चालून दमायला होत नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की पहाटेचं तापमान बघितलं तर पुणं आणि नाशिक कित्येकदा महाबळेश्वरपेक्षा थंड असतात, निफाडचा पारा तर पाचाच्याही खाली जातो. कारण साधं आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता भराभर सोडते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, आणि ही जड हवा पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. डोंगरमाथ्यावरून ती खाली निघून जाते, म्हणून माथा त्या मानाने उबदार राहतो.

माझं मत जिथे फिरलं तो प्रसंग इथलाच आहे. दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती, ७४ वर्षांची, थंडीत बोटं आखडतात तिची. अंदाज आठवडाभर १२ ते १४ चा होता, त्या हिशेबाने एक स्वेटर, एक शाल, पायमोजे असं सगळं घेतलं, पुण्याच्या थंडीला जे पुरतं ते. खोली घेतली वेण्णा तलावाच्या बाजूला, कारण सकाळी उठून तलावावर फिरता येईल. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर गाडीच्या टपावर बर्फाचा पातळ थर, गवत पांढरं, आणि खोलीतली फरशी अशी की पाय टेकवत नव्हता. आई अंथरुणातून उठायलाच तयार नाही, चहाचा कप हातात धरून बसली नऊ वाजेपर्यंत. मी मोबाईल बघतोय, महाबळेश्वर १३. खोली सांभाळणारे काका म्हणाले, तो आकडा वरचा हो, बाजाराकडचा, हे खोलगट आहे, इथे त्याच्यावर जाऊ नका.

आणि काकांचं बरोबर होतं. आकडा खोटा नव्हता, तो माथ्यावरचा होता. शिवाय वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीत, हवेशीर पेटीत असतो. गवताच्या पात्यावर त्याच वेळी चार-पाच अंश कमी असू शकतं, आणि तलावाकाठच्या खोलगटात तर त्याहून खाली. पेपरात दरवर्षी 'वेण्णा तलावावर दवबिंदू गोठले' अशी फोटोसकट बातमी येते आणि त्याच दिवशी महाबळेश्वरचा अधिकृत आकडा बऱ्याचदा दोन आकडी असतो, ते यामुळेच. फोटो काढायला जाणाऱ्यांना ती पर्वणी आहे, मला मान्य आहे, मुलं तर वेडी झाली होती बर्फ बघून. पण जो माणूस अंदाज वाचून कपडे भरतो आणि बरोबर म्हातारं माणूस घेऊन जातो त्याच्यासाठी ही गोष्ट फार त्रासाची आहे, एकाच गावाच्या नावाखाली दोन हवामानं, आणि अंदाज त्यातल्या एकाचाच.

अजून एक, लोकांचा गैरसमज होतो म्हणून सांगतो. 'थंडीच्या लाटेचा इशारा नाही' म्हणजे वर थंडी नाही असं धरू नका. लाटेचे निकष जागेप्रमाणे वेगळे आहेत. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी कमी, किनाऱ्यावर तेवढीच घट असेल तर १५ लासुद्धा लाट म्हणता येते, आणि डोंगराळ भागाला मात्र शून्य किंवा त्याखाली जावं लागतं. महाबळेश्वरची वेधशाळा शून्याला टेकणार नाही, म्हणून इशारा येणार नाही, आणि तुम्ही मात्र तलावाकाठी कुडकुडत असाल.

आता खालचं बोलू. हर्णैला वेधशाळा आहे, अगदी किनाऱ्याजवळ, आणि जानेवारीत तिथलं किमान तापमान वीसच्या अलीकडे-पलीकडे, कमाल तिशीच्या आसपास. समुद्राचं पाणीच २६-२७ अंशांचं असतं, ते रात्री हवेला फार गार होऊ देत नाही. मी तीन खेपांत सतराच्या खाली आकडा बघितला नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे जो आकडा मोबाईलवर तोच अंगाला जाणवतो, म्हणजे १९ लिहिलंय तर ओसरीवर बसून १९ च वाटतं. आईने तिथे शाल काढली ती पहाटे फिरायला जातानाच, बाकी वेळ बॅगेतच राहिली.

खालचा दिवस कसा जातो तेही सांगतो कारण कोकणातल्या थंडीची मजा त्यात आहे. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते, पहाटे ती अंगाला छान गार लागते, माडांची झावळं हळू हलत असतात, वाळू थंडगार. मग नऊ-दहानंतर मतलई पडते, मध्ये तास-दोन तास हवा अगदी स्तब्ध, आणि दुपारच्या सुमाराला समुद्राकडून खारा वारा सुटतो की पुन्हा बरं वाटतं. हा खारा वारा वेळेवर आला तर दिवस ३० च्या वर फारसा जात नाही.

पण तो वेळेवर येईलच असं नाही आणि ही खालची खोट आहे, ती लपवत नाही. काही आठवड्यांत पूर्वेकडून कोरडा वारा जोरात असतो, घाट उतरताना हवा दाबली जाऊन तापते, दर किलोमीटर उतरणीला जवळपास दहा अंश, आणि ती किनाऱ्यापर्यंत खाऱ्या वाऱ्याला रोखून धरते. मग ऐन जानेवारीत रत्नागिरीचा पारा ३४-३५ ला जातो, बातमीत 'थंडीत उकाडा' म्हणून येतं. आम्हाला असे दोन दिवस लागले होते. अकरा ते दोन खोलीबाहेर पडावंसं वाटलं नाही, ऊन टोचत होतं, ओठ फुटले, मुलं चिडचिडी झाली. म्हणून अंदाजात किमान तापमानाबरोबर वाऱ्याची दिशा नक्की बघा. दुपारी तीनच्या रकान्यातही बाण पूर्वेकडूनच येताना दिसला तर तो दिवस तापणार समजा, पश्चिम किंवा वायव्य दिसली तर निश्चिंत. तरीपण हा त्रास तीन तासांचा असतो आणि तो आधी कळतो, त्यावेळेत जेवून झोप काढायची, चार वाजता हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायला जायचं. वरच्या थंडीचा त्रास मात्र पहाटेचा, आणि म्हाताऱ्यांना झोप लागत नाही तीच ती वेळ.

आता खालीही आकड्याची एक गोम आहे. ॲपमध्ये तुम्ही 'दापोली' टाकलंत तर फसाल. दापोली गाव किनाऱ्यावर नाही, ते सुमारे २५० मीटर उंचीच्या सड्यावर, म्हणजे सपाट पठारावर आहे, कृषी विद्यापीठाची वेधशाळा तिथलीच, आणि थंडीत दापोलीचं किमान ९-१० पर्यंत सहज उतरतं. उगाच मिनी महाबळेश्वर म्हणत नाहीत. अर्ध्या तासाच्या रस्त्यावर हर्णैला त्याच पहाटे १८-१९. म्हणजे वर जी तक्रार केली ती इथेही लागू होते असं कोणी म्हणेल, आणि थोडी होतेही. फरक माझ्या मते असा की इथे दोन्ही जागांची नावं वेगळी आहेत आणि दोन्हीचे आकडे वेगळे मिळतात, तुम्हाला फक्त बरोबर नाव टाकायचंय, हर्णै. तलावाकाठच्या खोलगटाचा आकडा मात्र तुम्हाला कुठे सापडणार.

आणि यात एक फायदाच आहे. थंडी हवीच असेल तर एका पहाटे स्वेटर घालून दापोलीत चढा, गरम चहा, शेकोटी, आंब्याच्या बागांवरचं धुकं, मोहोर आलेला असला तर त्याचा वास, आणि नऊ वाजता परत खाली ऊबेत. वरून असं उलटं करता येत नाही, महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून समुद्र गाठून त्याच दिवशी परत येणं म्हणजे दिवस गाडीतच.

अंदाज कधी बघायचा हे पण विचारलं होतं भावाने. माझ्या अनुभवाने पहिले तीन-चार दिवस धरून चालायला हरकत नाही, पुढचे दिवस फक्त कल म्हणून बघायचे, थंडी वाढतीये की उतरतीये एवढंच. उत्तरेत पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी ढग-पावसाची प्रणाली) येतोय असं दिसलं तर आपल्याकडे आधी ढग येऊन पहाटेची थंडी कमी होते आणि तो पुढे सरकून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी उत्तरेकडचे वारे घुसून पारा घसरतो. तर तुमचा आठवडा त्या ढगाळ भागात पडत असेल तर वर जायला चांगला, पहाट सुसह्य असते, फक्त दरीत धुरकट दिसतं. आणि झंझावात नुकताच गेलेला असेल तर दरी काचेसारखी स्वच्छ दिसेल पण थंडी कडक, तिथे तरणीताठी माणसंच बरी. खाली मात्र याच कडक थंडीच्या आठवड्यात जावं, उत्तरेचा वारा आला की दुपारी उकडत नाही आणि किनाऱ्यावरची पहाट वर्षातली सगळ्यात सुखाची असते. बागायतदारही याच दिवसांची वाट बघतात, मोहोराला थंडी लागते म्हणून.

नवरा-बायको दोघंच असाल, चालायची आवड असेल, तर महाबळेश्वर वाईट आहे असं मी बिलकुल म्हणणार नाही. खोली मात्र बाजाराकडच्या उंच बाजूला घ्या आणि आकड्यातून पाच-सहा वजा करूनच कपडे भरा. माझ्या भावाबरोबर चार माणसं आहेत आणि त्यातल्या दोघांना पहाटे चारला जाग येते, त्याला मी हर्णैचं नाव टाकून अंदाज बघ म्हटलंय. खोली समुद्राच्या बाजूला घे, खारा वारा थेट येतो, आणि एक जाड स्वेटर प्रत्येकाचा असू दे, दापोलीच्या पहाटेसाठी.