जास्वंदीच्या नावाखाली अंबाडी

‘निळी, काळी, सातरंगी जास्वंद, बियांची दहा पाकिटं फक्त ५९९ रुपये’ अशी जाहिरात मोबाईलवर दिसली तर हात आवरा. आमच्या सासूबाईंनी जूनमध्ये हे बियाणं मागवलं. नागपूरच्या टेकडी गणपतीला घरची फुलं न्यायची त्यांना भारी हौस. कुरियरवाला आधी पैसे घेतो, मग पार्सल हातात देतो, त्यामुळे आत काय आहे ते पैसे गेल्यावरच कळलं.

पाकिटांवर दहा रंगांची फुलं छापलेली, आत मात्र सगळीकडे एकच बी: करडं-तपकिरी, इवल्याशा काजूसारखं बाकदार. पाकिटावर लॉट नंबर नाही, उगवणशक्तीचा आकडा नाही, चाचणीची तारीख नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भिवापूरकडच्या. त्यांनी तळहातावर चार दाणे घेतले आणि म्हणाल्या, “बाई, हे तं अंबाडी होय. आमच्या वावराच्या धुऱ्यावर असते.” सासूबाईंना काही पटेना. त्यांनी पेरलंच. रोपं वीतभर झाल्यावर मी एक पान चावून पाहिलं. आंबट! भाकरीसोबत खातो तीच भाजी.

यातली खरी मेख पुढे आहे. अंबाडी आठवड्याभरात उगवते, त्यामुळे ‘छान उगवलं’, ‘शंभर टक्के उगवण’ असे शेरे लोक खुशीनं लिहून टाकतात, आणि ते खोटेही नसतात. माल परत करायची मुदत सात दिवसांची. तेवढ्यात रोपाला धड चार पानंही येत नाहीत. अंबाडी जास्वंदीच्याच कुळातली. दिवस लहान झाले की तिला फिकट पिवळं, मध्ये गडद लाल ठिपका असलेलं फूल येतं, लांबून जास्वंदच वाटावं असं. तोवर कुणाकडे दाद मागणार? मी फोन केला तर पलीकडचा म्हणाला, “मॅडम, उगवलंय ना? मग फुलांची वाट पाहा.” वर ‘रंग पक्का करणारं’ टॉनिक ९९९ रुपयांना गळ्यात मारायला निघाला. हे म्हणजे फारच झालं.

आपल्याकडची बागेतली जास्वंद कुणी बियांपासून लावत नाही. तिला बी क्वचितच धरतं, आणि संकरित झाडाचं बी धरलंच तरी रोपाला आईचाच रंग येईल याची खात्री नसते. लाल, गुलाबी, पिवळी, केशरी, पांढरी जास्वंद आहे, जांभळटही आहे. शाईसारखी निळी नाही. पावसाळ्यात शेजाऱ्यांकडून पेन्सिलीच्या जाडीची वीतभर फांदी मागून आणा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि निचऱ्याच्या मातीत खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून कुंडीत वाळू आणि शेणखत मिसळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कळ्या गळतात, तेव्हा दुपारची सावली आणि दोन वेळ पाणी हवं. शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा. पूजेला फुलं होतात, उरलेली खोबरेलात उकळून केसांना लावता येतात. पानं चुरून केस धुवायची पद्धत सासूबाईंच्या माहेरी अजून आहे.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. पाकिटं, पैसे दिल्याची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय; तुमचं असं झालं असेल तर तुम्हीही आधी तेच करा, कारण जाहिरात दोन दिवसांत गायब होते. आमचीही झाली होती. आता ती नव्या नावानं, ४९९ रुपयांत पुन्हा फिरतेय. फोटो तोच आहे. रंगवणाऱ्यानं घाई केलेली दिसते: निळ्या पाकळीशेजारच्या हिरव्या पानाची कडही निळी झाली आहे.