आंतरतारकीय हेलियम मोजायचा कसा: थेट अणू की पिकअप आयन?

ताऱ्यांमधल्या अवकाशातून सूर्यमालेत सेकंदाला साधारण २५ किमी वेगाने शिरणारा हेलियम दोन प्रकारे पकडता येतो.

पहिला मार्ग थेट अणूचा. नासाच्या आयबेक्स यानावरचा (यान २००८ चे) अणू मोजणारा संवेदक, आयबेक्स-लो, अणूला हिऱ्यासारख्या कार्बनच्या पृष्ठभागावर आदळवतो. हायड्रोजन किंवा ऑक्सिजन तिथे एक इलेक्ट्रॉन उचलून ऋण आयन होतो, मग त्याची ऊर्जा आणि उड्डाणकाळ मोजतात. हेलियमची अडचण इथेच आहे: त्याचा टिकाऊ ऋण आयन बनत नाही. तो पृष्ठभागावरचे हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन उडवतो आणि आपण मोजतो ते हे उडालेले आयन. त्यामुळे अणूची मूळ ऊर्जा हाती लागत नाही, दिशा मात्र लागते. पृथ्वी प्रवाहाला सामोरी जाते तेव्हा, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, अणूची ऊर्जा सुमारे १३० इलेक्ट्रॉनव्होल्ट होते आणि मोजणी भरघोस मिळते. एकाच जागेवरून पाहिल्याने वेग आणि दिशा एकमेकांत गुंततात. आयमॅप या नासाच्या नंतरच्या यानावरचा उपकरणाचा कोन बदलणारा मंच त्यासाठीच आहे.

दुसरा मार्ग पिकअप आयनांचा. अतिनील किरणांनी आयनित झालेला अणू सौरवारा, म्हणजे सूर्यातून वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, ओढून नेतो; तोच पिकअप आयन. त्याचा वेग सौरवाऱ्याच्या दुपटीपर्यंत जातो. सौरवाऱ्यातला हेलियम बहुतेक दुहेरी आयनित असल्याने एकेरी आयन लगेच ओळखू येतो. पण घनता काढायला आयनीकरणाचा दर लागतो, आणि तो सौरचक्राबरोबर बदलतो.

दिशा-तापमानासाठी थेट अणूच घ्यावेत. निऑनसारख्या विरळ घटकांसाठी आणि डिसेंबरातल्या हेलियम-शंकूसाठी (सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्याच्या मागे एकवटलेला हेलियम; पृथ्वी डिसेंबरात त्यातून जाते) पिकअप आयन उपयोगी.