जुन्या मासिकांचं दुकान, अप्पा बळवंत चौकामागची गल्ली, पुणे

मॉडेल मधू सप्रेवरचे जुने अंक शोधायला गेले होते. १९९२ साली बँकॉकला मिस युनिव्हर्समध्ये ती तिसरी आली, तेव्हा मी आठवीत होते. देशाची सूत्रं हातात आली तर काय करशील, या प्रश्नावर तिने क्रीडासंकुलाचं उत्तर दिलं आणि तिथेच मुकुट हुकला असं सगळे म्हणाले. मैदानावर वाढलेल्या मुलीने दुसरं काय सांगायचं? माझं मत आजही तेच आहे.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. काकांना विषय सांगितला, तर म्हणाले, "ताई, बसा. वरच्या फळीवरचं काढून देतो." सुतळी सोडली तसा जुन्या कागदाचा वास आला. १९९४ चे 'फेमिना'चे अंक निघाले, सुश्मिता आणि ऐश्वर्या दोघी एकाच वर्षी जग जिंकून आल्या तेव्हाचे. माझ्या मुलीला मात्र रीटा फारिया कोण हेच ठाऊक नव्हतं. १९६६ ची मिस वर्ल्ड, आशियातली पहिली, आणि नंतर मॉडेलिंग सोडून डॉक्टर झालेली! तिथेच उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं.

अंक ८० रुपयांना, घासाघीस नाही. घरी आल्यावर एका अंकाचं मधलं पान कात्रीने कापलेलं निघालं. पिना गंजलेल्या, त्याचे डाग छायाचित्रांवर. वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी काकांनी न कुरकुरता पैसे परत दिले. पानं तिथेच उलटून बघा. १९९२ चा अंक अजून मिळालेला नाही, नंबर देऊन आले आहे.