कागदावर उत्तम, पडद्यावर उणा : प्राचीन इतिहासाच्या एका अभ्याससंचाचे परीक्षण

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेला प्राचीन इतिहासाचा एक अभ्याससंच गेले सहा महिने आमच्या घरात वापरात होता आणि सहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने तो नुकताच पूर्ण केला. चोवीस आठवड्यांची स्वाध्यायपुस्तिका, तेवढ्याच चित्रफिती, नकाशे, कालरेषेची एक लांबलचक गुंडाळी, पालकांसाठी मार्गदर्शिका आणि प्रश्नमंजूषेचे मोबाइल ॲप असा त्यातील एकूण ऐवज आहे. पुढे त्याच्या उणिवांबद्दलही सविस्तर लिहिणार असल्यामुळे प्रकाशकाचे नाव मुद्दाम घेत नाही. या प्रकारचा कोणताही संच निवडताना काय पाहावे, हे यावरून कळले तरी पुरे.

वेष्टनावर ‘इतिहास शिकता शिकता अभ्यासाची सवय’ असे आश्वासन छापले आहे. असे आश्वासन वाचले की मी थोडी सावध होते, कारण बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ सुरुवातीला जोडलेले एक उपदेशपर प्रकरण एवढाच असतो : वेळापत्रक करा, टेबल स्वच्छ ठेवा, रोज वाचा. मुले ते प्रकरण उलटून पुढे जातात आणि त्यांचे काही चुकत नाही. या संचात तसे प्रकरणच नाही. अभ्यासाची रीत इतिहासाच्या पाठातच अशी विणलेली आहे की ती वगळायची म्हटली तर पाठच वगळावा लागेल.

तिसऱ्या आठवड्याचा पाठ सुमेरमधील, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधील, प्राचीन शाळांविषयी आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी लेखनिक होऊ पाहणारी मुले ओल्या मातीच्या पाटीवर कीलाक्षरे, म्हणजे खिळ्याच्या आकाराची अक्षरे, गिरवत असत. त्यांच्या काही गोल पाट्या आज संग्रहालयांत आहेत. त्यांपैकी काहींवर एका बाजूला गुरूने लिहून दिलेला नमुना आणि दुसऱ्या बाजूला शिष्याने केलेली त्याची नक्कल दिसते. पाटी उलटली की नमुना दिसेनासा होतो, म्हणजे तेवढ्यापुरते तरी तो डोक्यात धरून ठेवावा लागतो. पुस्तिकेच्या कर्त्यांनी हीच युक्ती उचलली आहे. प्रत्येक पाठाचे पान वाचून झाले की ते उलटायचे. मागची बाजू पूर्ण कोरी असते. तिथे आठवेल ते पेन्सिलीने लिहायचे, मग पान पुन्हा उलटून राहिलेले मुद्दे लाल पेनाने भरायचे. एवढेच. पण लाल शाई किती उमटली हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि ‘मला सगळे येते’ हा वाचनानंतरचा गोड गैरसमज तिथल्या तिथे विरघळतो.

आमच्याकडे पहिले तीन आठवडे यावरून रोज कुरबुर झाली. “आई, वाचलंय ना मी, मग परत कशाला लिहायचं?” हा तिचा प्रश्न रास्त होता आणि मार्गदर्शिकेत त्याचे उत्तर नेमके दिलेले आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. घोकंपट्टी आदल्या रात्री का भावते आणि महिन्याभराने का दगा देते, याचे याहून सोपे स्पष्टीकरण माझ्या तरी वाचनात नाही. संचातील उजळणीची आखणीही याच धोरणाने केली आहे : तिसऱ्या आठवड्यातील प्रश्न चौथ्या, सहाव्या आणि दहाव्या आठवड्यात पुन्हा भेटतात, तेही इजिप्त किंवा चीनच्या प्रश्नांत मिसळून, त्यामुळे कोणत्या पाठाचे उत्तर आहे हेही मुलाला स्वतःच ओळखावे लागते.

मला सर्वांत आवडलेला पाठ प्राचीन बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायदेसंहितेचा आहे. १९०१ मध्ये इराणमधील सूसा येथे सापडलेला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेला तो काळा दगडी स्तंभ, त्यावरचे २८२ कायदे असे मोजून मापून गुण मिळवून देणारे मुद्दे इथेही आहेत, पण ते दोन ओळींत आटोपले आहेत. उरलेल्या जागेत फक्त तीन कायदे दिले आहेत. उच्च वर्गातील माणसाने आपल्याच वर्गातील माणसाचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडावा. सामान्य माणसाचा फोडला तर एक मीना (वजनाचे त्या काळचे माप) चांदी द्यावी. कुणाच्या गुलामाचा फोडला तर गुलामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम द्यावी. खाली एकच प्रश्न : ‘या तीन वाक्यांवरून त्या समाजाविषयी काय सांगता येईल आणि काय सांगता येणार नाही?’ मुलीने आधी ‘न्याय फार कडक होता’ असे लिहिले. तीच तीन वाक्ये दुसऱ्यांदा वाचून तिने ते खोडले आणि ‘डोळा एकच, पण किंमत माणूस बघून’ असे लिहिले. प्रश्नाचा दुसरा भाग तिला जास्त वेळ अडवून बसला. हे कायदे प्रत्यक्षात पाळले जात होते की नाही, हे या वाक्यांवरून कळत नाही, इथपर्यंत ती दोन दिवसांनी पोहोचली. ऐतिहासिक साधन म्हणजे काय, याची व्याख्या पाठ करून एवढे पदरात पडले नसते.

हडप्पा संस्कृतीचा पाठही याच वळणाचा आहे. लिपी अद्याप वाचता आलेली नाही, मग लिहिलेल्या शब्दाविना आपल्याला काय काय कळू शकते, असा तो सरळ प्रश्न टाकतो आणि १:२:४ प्रमाणातील विटा व दुपटीने वाढत जाणारी दगडी वजने पुढे ठेवतो.

कालरेषेच्या गुंडाळीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण संच घेताना मी तिला निव्वळ शोभेची वस्तू समजले होते. एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष, असे तिचे प्रमाण आहे आणि इ.स.पू. ३३०० पासून आजवरची ती पट्टी सुमारे ५.३ मीटर भरते. मुलांना इ.स.पू. सनावळीत उलटे मोजायला जमत नाही आणि ‘फार फार पूर्वी’ या एकाच गाठोड्यात ती सगळे बांधून टाकतात. गीझाचा मोठा पिरॅमिड आणि क्लिओपात्रा त्यांच्या लेखी शेजारीशेजारीच राहतात. पट्टी भिंतीवर लावून पिरॅमिडची खूण साधारण इ.स.पू. २५६० वर आणि क्लिओपात्राच्या मृत्यूची इ.स.पू. ३० वर केली, तेव्हा दोघांमध्ये अडीच मीटर अंतर पडले. तिथून १९६९ च्या चांद्रमोहिमेपर्यंत दोन मीटरच भरले. मुलीने टेप घेऊन तीनदा मोजून पाहिले. क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा आपल्याला जवळची आहे, हे वाक्य मी तिला आधी तोंडी सांगून पाहिले होते. त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

आता पडद्याकडे वळते. ॲप हा या संचाचा सर्वांत दुबळा भाग असून तो नुसता दुबळा नाही, तर पुस्तिकेने घडवलेले बिघडवणारा आहे. चित्रफीत संपताच प्रश्नमंजूषा उघडते. चार पर्यायांतून एक निवडायचा, जितक्या लवकर निवडाल तितके तारे जास्त. म्हणजे आठवण्याऐवजी ओळखणे, आणि तेही ऐकून पाच मिनिटे व्हायच्या आत. वर सांगितलेल्या प्रयोगात जी चाचणी फसवी ठरली, नेमकी तीच इथे दर आठवड्याला घेतली जाते आणि तिचे गुण पालकांना प्रगतिपत्रक म्हणून पाठवले जातात. इजिप्तच्या विभागात आमच्याकडे सलग पाच वेळा पैकीच्या पैकी आले. त्याच पाठांच्या मागच्या कोऱ्या पानांवर लाल शाईच जास्त होती. त्यानंतर आम्ही ॲप काढून टाकले.

चित्रफितींचा दर्जा एकसारखा नाही. नकाशे हलताना छान दिसतात, निवेदन स्पष्ट आहे, मात्र पुस्तिका लिहिणाऱ्यांनी आणि चित्रफिती करणाऱ्यांनी एकमेकांचे काम पाहिलेले नसावे. पिरॅमिडच्या चित्रफितीत चाबकाखाली दगड ओढणारे गुलाम दाखवले आहेत. पुस्तिकेत त्याच आठवड्याला मेरेर नावाच्या अधिकाऱ्याच्या दैनंदिनीवर पाठ आहे : २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे सापडलेल्या पपायरसच्या या पत्रांत, तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड बोटीने गीझाला नेणाऱ्या पथकाच्या कामाच्या नोंदी आहेत. गीझाजवळ उत्खननात कामगारांची वस्ती आणि त्यांची थडगी सापडल्याचाही तिथे उल्लेख आहे. ही विसंगती माझ्याआधी मुलीच्या लक्षात आली आणि ‘यातले साधन कुणाकडे आहे?’ असे तिने विचारले. संचाने शिकवलेला प्रश्न संचालाच विचारला गेला, याचा मला आनंद झाला. तरी चित्रफीत दुरुस्त व्हायला हवी, कारण प्रत्येक मूल पुस्तिका आधी उघडेलच असे नाही.

विषयांची वाटणीही खटकते. इजिप्तला सहा आठवडे दिले आहेत, शांग काळातील चीन आणि भविष्य पाहण्यासाठी कोरलेल्या अस्थी एका आठवड्यात उरकल्या आहेत, इजिप्तवर राज्य केलेल्या कुश देशाला (आजचा सुदान) अर्धे पान मिळाले आहे. पेरूमधील कराल हे नगर पिरॅमिडांच्या काळातच उभे होते, पण अमेरिका खंडाचा नकाशाच पेटीत नाही. ममी आणि सोन्याचे मुखवटे मुलांना खेचून आणतात हे मान्य. सहा आठवडे मात्र जास्तच झाले. पालकांची मार्गदर्शिका उपयुक्त असली तरी पाल्हाळिक आहे, निम्म्या पानांत काम भागले असते.

ज्या मुलाला लिहिण्याचा मनापासून कंटाळा आहे, त्याच्यासाठी सुरुवातीचा महिना जड जाईल आणि कुणीतरी शेजारी बसावे लागेल, याची तयारी ठेवून हा संच घ्यावा. दिवसाला वीस मिनिटे पुरतात. आठवड्याचे काम रविवारी एकदम उरकण्याची मुभा दिली, तर उजळणीची सगळी आखणी वाया जाते. पर्याय असेल तर केवळ छापील साहित्य घ्यावे.

एक चूक छापील साहित्यातही आहे. एकविसाव्या आठवड्यात रोमन सम्राट ऑगस्टसचा जन्म इ.स.पू. ६३ मध्ये आणि मृत्यू इ.स. १४ मध्ये झाल्याचे सांगून दोन्ही सनांमध्ये किती वर्षांचे अंतर आहे, असे विचारले आहे. उत्तरसूचीत ७७ छापले आहे. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणून उत्तर ७६. आणि जन्म सप्टेंबरातला, मृत्यू ऑगस्टमधला असल्यामुळे त्याच्या वयाची ७५ वर्षेच पूर्ण झाली होती. भिंतीवरच्या पट्टीत शून्याची खूण नाही, ती बरोबर आहे. मुलीने पट्टीवर मोजले, ७६ आले, उत्तरसूची पाहिली, पुन्हा मोजले आणि मग माझ्याकडे येऊन सूची चुकल्याचे जाहीर केले. पट्टी आणि उत्तरसूची आता माझ्या भाच्याकडे जाणार आहेत. त्या ७७ ला मी हात लावलेला नाही.