सात महिने ब्लॉकर वापरल्यावर: तो शून्य आधी काढा

परवा दुसऱ्या सहामाहीचे ८९९ रुपये खात्यातून परस्पर वळते झाले, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. पॉर्न अडवणारं हे ॲप सात महिने फोनवर आहे. सेटिंग कसं लावायचं ते बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून सोडून देतो.

माझा खरा त्रास झोपेचा होता. साडेअकराला फोन हातात घ्यायचो, बघता बघता दोन वाजायचे. सकाळी डोकं जड. बायको जवळ आली की काहीतरी कारण काढून कूस बदलायचो, आणि तिला वाटायचं तिचंच काही चुकतंय. पहिल्या महिन्यात झोप सुधारली म्हणून मी पाच तारे दिले होते. ते मत मागे घेतोय.

कारण तो आकडा. ॲप उघडलं की ठळक अक्षरांत 'स्वच्छ दिवस' दिसतात. माझे ४१ झाले होते. बेचाळिसाव्या रात्री दमून आलो, लॅपटॉपवर दहा मिनिटं बघितलं आणि सकाळी प्रामाणिकपणे नोंद केली. आकडा थेट शून्य! एकेचाळीस रात्रींची झोप जणू झालीच नाही. मग 'गेलंच आहे तर' म्हणत पुढचे चार दिवस पूर्वीपेक्षा वाईट गेले. दारूच्या व्यसनावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी हेच मांडलं होतं: एका घसरणीपेक्षा तिच्यानंतरची 'मी हरलो' ही भावना माणसाला जास्त खोल नेते. आणि 'स्वच्छ' हा शब्द कशाला? बाकीच्या दिवशी मी घाणेरडा का?

आकडा लपवायची सोय द्या म्हणून चार मेल केले. चारही वेळा तेच छापील उत्तर.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. किती बघता, हे त्यांनी आधी विचारलंच नाही. त्यापायी काय काय सुटतंय ते विचारलं. त्यांनी सांगितलं: जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आहे, पण तो व्यसनांत नाही, आवेग न आवरण्याच्या विकारांत मोडतो. सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला असावा, कामावर किंवा नात्यांवर परिणाम दिसावा. नुसतं पाप वाटतंय एवढ्यावर निदान होत नाही. हे ऐकून मला रडू आलं.

त्यांनी वही लिहायला लावली: किती वाजता, कुठे, आधी काय झालं होतं. १९ नोंदींपैकी १४ रात्री अकरानंतरच्या, बहुतेक भांडणानंतरच्या. आता फोन हॉलमध्ये चार्जिंगला असतो. राउटरवर क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) टाकलाय. प्रौढ साइट तोही अडवतो, आणि फुकट. डॉक्टरांची फी परवडत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

गेल्या महिन्यात बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यात काही कमी नव्हतं ना?"

साइट अडवण्यासाठी दोन तारे. ८९९ परत मागितलेत, अजून आलेले नाहीत.